हा कागद कोणाचा?

पत्र आलं ते चार पानी होतं. इथे थोडक्यात देते. गावं, इयत्ता आणि ओळख पटेल अशा दोन-तीन गोष्टी मी बदलल्या आहेत. लिहिणारीची त्याला संमती आहे.

"ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत आणि जवळच्या दोन शाळांत समुपदेशक आहे. मानसशास्त्रात एम. ए. केलंय. पगार एक संस्था देते आणि दर महिन्याला किती मुलं तपासली याचा तक्ता मागते. सातवीत एक कोलाम आदिवासींचा मुलगा आहे. वाचता येत नाही, वर्गात बोलत नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून बिने-कामत चाचणी घेतली. बुद्ध्यंक ६८ आला. आता सर म्हणतात, 'मॅडम, मतिमंद असं लिहून द्या. विशेष शाळेत जाईल, आठवीच्या परीक्षेत आपला निकाल बिघडणार नाही आणि पोराचंच भलं होते.' वडील पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, दोनदा येऊन गेले. त्यांना कोणीतरी सांगितलंय की दाखला निघाला की अनुदान चालू होतं. हात जोडून म्हणाले, 'कागद भेटला तं महिन्याले चार पैसे येतीन. तुमचं काय जाते, मॅडम?' मला रात्री झोप येत नाही. आकडा तर खराच आला आहे, मग लिहायला काय हरकत? आणि तरी हात धजत नाही.

दुसरी गोष्ट. नववीतली एक मुलगी माझ्याजवळ रडली. माघात तिचं लगीन ठरलंय, मुलगा आदिलाबादकडचा. 'कोणाले सांगू नका, मॅडम. फक्त मले दहावी करू द्या म्हना त्यायले.' मी कोणाला सांगणार नाही असं वचन देऊन बसले. आता काय करू?"

वयाने तू माझ्या लेकीएवढी, म्हणून अगं-तुगं करते. मुलीचा प्रश्न थांबण्यासारखा नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर पत्र मिळालं त्याच दिवशी तुला फोनवर दिलं. पुढे त्याच्याकडे येते. आधी मुलाबद्दल, कारण त्यात तू एक वाक्य लिहिलंस ते मला फार टोचलं: "आकडा तर खराच आला आहे."

आकडा आला हे खरं. तो कशाचा आला, हे आपण पाहू.

बिने-कामत चाचणी व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. त्या काळात ते फार मोठं काम होतं आणि आजही अनेक ठिकाणी ती वापरतात. पण तिचे निकष त्या काळातल्या, त्या भागातल्या मुलांवर बेतलेले आहेत. तिचे कितीतरी प्रश्न शब्दांवर उभे आहेत: अर्थ सांग, फरक सांग, वाक्य ऐकून पुन्हा म्हण. तुझा मुलगा घरी कोलामी बोलतो. कोलामी द्रविड कुळातली भाषा. तिच्यात ख, घ, भ असे जोरकस उच्चार मूळचे नाहीत. असं पोर 'घोडा' ऐकून 'गोडा' लिहितं, आणि आपण वहीवर लाल रेघ मारून 'अध्ययन अक्षम' म्हणून मोकळे होतो. त्याचे मास्तर वऱ्हाडी बोलतात, पुस्तक पुण्याचं बोलतं आणि चाचणी नव्वद वर्षांपूर्वीचं मराठी बोलते. इतक्या पायऱ्या चढून ते पोर तुझ्यासमोर सतरंजीवर येऊन बसलं होतं. त्या सकाळी त्या मुलाची आणि त्या कागदाची जी गाठ पडली, तिचा आकडा ६८.

शिवाय प्रत्येक चाचणीत चार-पाच गुणांचं इकडेतिकडे धरावंच लागतं, हे तू शिकली आहेस. ६८ म्हणजे ७३ असू शकतो. साधारण सत्तरच्या खाली अक्षमता धरतात, ती रेघ ओलांडायला तेवढं पुरतं. एका मुलाचं नशीब पाच गुणांच्या फटीत टांगून ठेवायचं नसतं.

आता मी केलेली चूक सांगते. ही कधी छापून सांगेन असं वाटलं नव्हतं, पण तुझं पत्र वाचल्यावर गप्प राहणं बरोबर वाटेना.

तीस वर्षांपूर्वी झाडीपट्टीतल्या एका शाळेत मी मुलं तपासायला जात असे. धानाच्या कापणीचे दिवस, वर्ग अर्धे रिकामे. टिनाच्या पडवीत एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसवला. प्रश्न विचारला की तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा आणि मग भलतंच काही सांगायचा. त्याच्या डाव्या कानात तेलाने काळपट झालेला कापसाचा बोळा होता. वासही येत होता. मी तो बोळा बघितला. आणि अहवालात काय लिहिलं? 'मूल अस्वच्छ, लक्ष कमी, बौद्धिक पातळी निम्न.' दोन वर्षांनी आरोग्य शिबिरात डॉक्टरांनी त्याचे कान पाहिले. दोन्ही पडदे फाटलेले होते. त्याची आई मला म्हणाली, "बाई, त्याचा कान लहानपनापासून वायते. तुमी इचारलंच नाही." तोवर तो शाळा सोडून गावच्या गुरांमागे जायला लागला होता. माझा अहवाल शाळेच्या कपाटात होता. त्यावर सही माझी होती, आणि 'पोरगं मंदच आहे, मॅडमनी लिहून दिलंय' म्हणायला सगळ्यांना आधार मिळाला होता.

म्हणून तुला पहिला प्रश्न हाच विचारते. या मुलाचे कान कोणी तपासले का? डोळे? २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत येतात. तुझ्या शाळेत पथक कधी आलं, त्या दिवशी हा मुलगा हजर होता का, हे रजिस्टरवरून काढ. नसेल तर त्याला जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठव. सोबत कोणी नसेल तर वडिलांना गाडीभाडं कसं मिळेल ते संस्थेला विचार. एवढं झाल्याशिवाय एकही चाचणी पुढे घ्यायची नाही.

दुसरं, बौद्धिक अक्षमता नुसत्या बुद्ध्यंकावरून ठरत नाही. रोजच्या जगण्यात मूल काय करतं हे पाहावंच लागतं. त्यासाठी वाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनी आहे. तिचं भारतीय रूपांतर डॉ. मॅलिन यांनी केलं ते आपल्या नागपुरात, आणि आजही ते 'नागपूर रूपांतर' म्हणूनच ओळखतात. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे: 'तसा तो सुट्टीत आईसोबत वेचणीला जातो, काट्यावर वजन तोच पाहतो, आठवड्याचा हिशोब तोच सांगतो.' अगं, ही ओळ तू पहिल्या पानावर लिहायला हवी होती! वेचलेल्या कापसाचं गाठोडं ताणकाट्याला टांगायचं, काटा हलायचा थांबेपर्यंत थांबायचं, साडेतेरा किलोचे दहा रुपयांनी किती ते सांगायचं, सहा दिवसांची बेरीज डोक्यात ठेवायची आणि वावराच्या मालकाने दोन किलो कमी धरले तर ते आईला खुणेने सांगायचं. बारा वर्षांचं जे पोर हे करतं, त्याच्याबद्दल 'मतिमंद' हा शब्द लिहिताना तुझा हात धजला नाही, हे बरोबरच झालं.

शब्दांविना तपासायचं असेल तर भाटियांची १९५५ची कृतिचाचणी आहे, अकरा ते सोळा वयासाठी: ठोकळे, आकृत्या, चित्रं जुळवणं. तिचे निकषही जुनेच आहेत, तेव्हा तोही आकडा डोक्यावर घेऊन नाचायचं नाही. पण दोन चाचण्यांत मोठी तफावत दिसली तर भाषा आडवी येते आहे हे तुला कागदावर दाखवता येईल. सूचना कोलामीतून सांगायला मोठ्या वर्गातला एखादा मुलगा नको घेऊस, गावभर होईल. अंगणवाडीच्या किंवा पोडावरच्या कोणा मोठ्या माणसाला विचार, आणि जे काही कळेल ते बाहेर बोलायचं नाही हे आधी बजाव.

आणि तू काय लिहू शकतेस, हेही स्पष्ट ठेवू. 'बौद्धिक अक्षम' हा दाखला देणं तुझ्या अधिकारात नाही, मुख्याध्यापकांच्याही नाही. तो जिल्हा रुग्णालयातून मिळतो. मानसशास्त्रीय निदानासाठी पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्ती लागते. ही परिषद १९९२च्या कायद्याने आली. एम. ए. आणि समुपदेशनाची पदविका एवढ्यावर आपण निदान लिहून देऊ लागलो, तर उद्या त्या कागदाला कोणी आव्हान दिलं की पहिली तू अडकशील, आणि त्याआधी तो मुलगा. तू निरीक्षण लिहायचं, शिफारस करायची. मी तुझ्या जागी असते तर असं लिहिलं असतं:

"मुलाची घरची भाषा कोलामी. चाचणी मराठीतून घेतली, सूचना दोन वेळा सांगाव्या लागल्या. शब्दांवर आधारलेल्या प्रश्नांत अडचण आली, आकृत्यांच्या प्रश्नांत तुलनेने कमी. कान व डोळे तपासणी बाकी आहे. घरी मजुरीचा तोंडी हिशोब ठेवतो असे आईवडील सांगतात. या एका चाचणीवरून बौद्धिक क्षमतेबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. वर्गात पुढे बसवावे, सूचना लहान वाक्यांत द्याव्यात, वाचनासाठी रोज वीस मिनिटे वेगळा वेळ द्यावा, गणित तोंडी तपासावे. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

यातलं शेवटचं वाक्य खाली तुझी सही करून लिही. आकडा या कागदावर नको. चाचणीची मूळ पानं तुझ्याजवळ, तुझ्या कुलपात राहू दे. शाळेच्या कपाटाची किल्ली किती जणांकडे असते, ते तुला माहीतच आहे. पुढे जिल्हा रुग्णालयातल्या मानसशास्त्रज्ञांनी मागितली तर वडिलांना विचारून त्यांना दे.

मुख्याध्यापकांबद्दल माझ्या मनात राग नाही. दोनशे पोरं, अपुरे शिक्षक, वर निकालाचा तगादा. महाराष्ट्राने २०२३मध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आणल्यापासून हा ताण वाढला आहे. पण परीक्षेत मागे पडला तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं आहे. आणि समज, उद्या खरंच अक्षमता निघाली, तरी २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की मुलांना सगळ्यांसोबत शिकवायची व्यवस्था शाळेने करायची. म्हणजे निदान काहीही येवो, 'इथून न्या' हे त्याचं उत्तर होत नाही. सरांना हे भांडणाच्या सुरात सांगू नकोस. "सर, मी खोटं लिहिलं आणि उद्या कोणी तपासलं तर शाळेचं नाव येईल. खरं लिहिते आणि वाचनाचा तास मी स्वतः घेते," असं म्हण. एवढ्यावर बरेच मुख्याध्यापक निवळतात. तरी दबाव आणला तर "मला हे लेखी द्या" एवढंच म्हण. लेखी देणारा मला आजवर भेटला नाही.

नोकरी जाईल ही तुझी भीती मी हलकी समजत नाही. घरी दोन लहान भावंडं शिकताहेत असं लिहिलंस. संस्थेला आधीच एक पत्र दे: मुलं किती तपासली याऐवजी किती मुलांचे कान-डोळे तपासून झाले, किती पालकांना भेटलीस, हे तक्त्यात भरायची परवानगी माग. तीस मुलांना घाईने आकडे चिकटवण्यापेक्षा सहा मुलांचं काम नीट झालेलं दाखवता आलं तर तुझीही बाजू पक्की होते. आणि कोणी काहीही म्हटलं तरी एक लक्षात ठेव. पगार संस्थेचा, खोली शाळेची, पण तुझं अशील ते पोर आहे.

आता वडील. त्यांच्यावर रुसू नकोस. कोरडवाहू दोन एकर आणि हंगामातली मजुरी, त्यात कोणी म्हटलं दाखल्यावर पैसे येतात, तर बाप हात जोडणारच. त्यांनी लबाडी केली नाही, वाट विचारली. दुसरी वाट तू दाखव. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड या बाकीच्या दोन. या जमातींसाठी नोव्हेंबर २०२३पासून पीएम-जनमन योजना आहे, आणि तुमच्या भागाचं आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पांढरकवड्याला आहे. घरकुल मिळालं का, जातीचा दाखला आहे का, आधार बँकेला जोडलं का, हे त्यांच्याजवळ बसून एकेक विचार. एका दिवसाचं काम आहे, त्यांच्या हक्काचं आहे, आणि त्यासाठी पोराला आयुष्यभराचा शिक्का लागत नाही.

त्यांना सांगायला पोडावर जा. शाळेत बोलावलंस की ते दाराजवळ उभे राहतात, टोपी हातात घेऊन, आणि तू जे म्हणशील त्याला 'हाओ' म्हणतात. तो होकार नसतो. आश्रमशाळेत प्रवेशाच्या वेळी घेतलेला अंगठा म्हणजे सगळ्या चाचण्यांना संमती, असं धरायची सवय पडली आहे. ती मोडायला हवी. चाचणी काय असते, का घ्यायची, नाही म्हटलं तर काही बिघडत नाही, हे त्यांच्या अंगणात बसून सांग. आणि मुलालाही विचार. बारा वर्षांच्या पोराला आपल्याला का तपासतात हे कळतं. नाही सांगितलं तर तो स्वतःच काहीतरी ठरवून बसतो, आणि ते बहुतेक वेळा 'माह्यातच काही खोट आहे' असं असतं.

आता मुलगी.

वचन देताना तुझं चुकलं, पण तू ते माया वाटून दिलंस. अशी वचनं आपण सगळ्यांनीच कधी ना कधी दिली आहेत. पुढच्या प्रत्येक मुलीला पहिल्याच भेटीत, ती काही सांगायच्या आधी, सांगायचं: "तू बोललीस ते माझ्याजवळ राहील. पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला, अंगाला धोका असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला सांगेन." एवढं ऐकूनही मुली बोलतात, हा माझा अनुभव आहे. उलट जास्त मोकळ्या बोलतात.

हिच्या बाबतीत, फोनवर सांगितलं तेच. आधी तिच्याकडे जा. तिला न सांगता कुठेही जाऊ नकोस. "मी तुला शब्द दिला होता, तो मला पाळता येत नाही, आणि का ते सांगायला आले," असं तिच्या डोळ्यांत बघून म्हण. ती चिडेल, कदाचित बोलणं टाकेल. ते सोस. मग तिला तिच्या हातातल्या गोष्टी सांग. २००६च्या कायद्याने अठराच्या आतलं लग्न लावणाऱ्याला शिक्षा आहे. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्नाआधीच न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. १०९८ हा क्रमांक देशभर चालतो, मुलगा आदिलाबादचा असला तरी. तिने स्वतः फोन केला तर उत्तम, तू शेजारी बस. नाही म्हणाली तर तू कर. तुझं नाव सांगायला नको असेल तर तसं तिथे सांग.

ग्रामसेवक तिच्या चुलत्याच्या उठण्याबसण्यातला आहे असं तू लिहिलंस. म्हणून आधी १०९८, मग जिल्हा बाल संरक्षण कक्ष. गावातली चर्चा कुठे सुरू होईल याचा अंदाज बांधूनच पावलं टाकायची असतात. मुलीच्या आईला एकटीला भेटणं जमलं तर भेट. पुष्कळदा आईलाही हे लग्न नको असतं, फक्त 'नाही' म्हणायला तिच्यापाशी बाहेरचं कारण नसतं.

आणखी एक विचारायचं, फार हळू. आधीच काही झालं आहे का? तिने होय म्हटलं तर खोलात शिरून उलटतपासणी करायची नाही, तिचेच शब्द तसेच लिहून ठेवायचे. मग मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा लागू होतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. इथे विचार करायला दोन दिवस मिळत नाहीत. मुख्याध्यापक 'शाळेची बदनामी' म्हणतील. त्यांना कळव, पण त्यांच्या परवानगीची वाट पाहू नकोस.

स्टाफरूममध्ये "ती पोरगी काय म्हणत होती?" असं विचारतील. "दहावीचा फॉर्म विचारत होती," असंही खोटं सांगू नकोस. "ते तिचं आणि माझं," म्हण आणि चहा घे.

तू फोनवर म्हणालीस की मुलगी आता स्वतःहून १०९८वर बोलायला तयार झाली आहे आणि उद्या शाळा सुटल्यावर तू तिच्याजवळ बसणार आहेस. जिल्ह्याहून माणूस कधी येतो ते मला कळव. मुलाला कानाच्या डॉक्टरांकडे नेशील तेव्हा त्याच्या आईला हे विचारायला विसरू नकोस: कान वाहतो का, कधीपासून, आणि त्यात तेल-कापूस घालतात का.